कडेची थरथर

"आँटी, हा आकडा बघा आणि सांगा, मी गाढव आहे की ही पेशी दगड आहे?" मेलेने खुर्ची गर्रकन फिरवली.

रेविन टुलॉकने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. डनीडिनच्या विद्यापीठातल्या त्या तळघरातल्या प्रयोगशाळेत ती एकतीस वर्षं तंत्रज्ञ होती आणि सहा आठवड्यांनी निवृत्त होणार होती. गणित तिच्या वाट्याला कधी आलं नाही आणि त्याचं तिला फारसं दुःखही नव्हतं. पण रक्तातली तांबडी पेशी कशी थरथरते, हे तिच्याइतकं डोळे भरून कुणी पाहिलं नसेल. भोवतालच्या पाण्याचे कण उष्णतेने सारखे धडपडत असतात, पेशीच्या पातळ आवरणाला धक्के देत असतात, त्यामुळे तिची कड क्षणभर म्हणून स्वस्थ बसत नाही. कड जितकी जास्त हलते, तितकं आवरण मऊ. कॅलमच्या मार्गदर्शनाखाली चाललेला मेले फिफिताचा सगळा प्रबंध एवढ्या एका गोष्टीवर उभा होता.

"दुप्पट कडक येतंय," मेले म्हणाली. "साऱ्या जगाच्या पेशी मऊ, माझ्याच तेवढ्या ताठ. कॅलम म्हणतो, आठ महिन्यांचं सगळं टाकून दे, पहिल्यापासून मोज. कधी मोजू? पुढच्या महिन्यात शिष्यवृत्ती संपतेय. टोंगाला जाऊन आईला काय तोंड दाखवू? तिने अख्ख्या चर्चला सांगून ठेवलंय."

"आधी वर जा आणि दोन चीज रोल घेऊन ये. उपाशीपोटी रडू नये, डोकं दुखतं."

मेले नाक पुसत गेली. रेविनने सवयीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पेशी होत्या तशाच होत्या, हलत होत्या, उगीच चुळबुळत होत्या. मग तिने मान वळवून कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारा संगणकाचा पडदा पाहिला. तिथे त्याच पेशीची कड गुळगुळीत, जाडसर आणि शहाण्या मुलासारखी गप्प होती.

तिचा हात सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याच्या बटणाकडे गेला. प्रखर उजेडात पेशी आक्रसतात, त्यांना काटे फुटतात, म्हणून रोज सकाळी ती दिवा अगदी मंद करायची. कुणी सांगितलं नव्हतं. तिलाच त्या पेशींची दया यायची. तिने दिवा मोठा केला. पडद्यावरची कड बारीक झाली आणि थरथरू लागली. मंद केला, पुन्हा गप्प.

जुन्या कॅमेऱ्यात उजेड कमी झाला की चित्र काळवंडायचं, एवढंच. फेब्रुवारीत आलेला हा नवा कॅमेरा हुशार. उजेड कमी दिसला की तो आपणहून डोळा जास्त वेळ उघडा ठेवायचा, आणि तेवढ्या वेळात कडेची सगळी लगबग एकात एक मिसळून पुसली जायची. न हललेली कड म्हणजे कडक पेशी. आठ महिने ती पोरीचं काम रोज सकाळी आपल्या हाताने पुसत होती.

दिवा गुपचूप मोठा ठेवला असता तर उद्यापासूनचे आकडे आपोआप सुधारले असते. निरोपाला केक आला असता, कॅलम चार शब्द बोलला असता आणि कुणाला पत्ताही लागला नसता. हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं. माणूसच ती. मेले रोल घेऊन परतली तेव्हा रेविन म्हणाली, "बस. तुझ्या पेशी चांगल्या आहेत. चूक माझी आहे."

मेलेने सगळं ऐकून घेतलं. ती रागावली, आणि रागावणारच. "आठ महिने, आँटी," एवढंच म्हणून तिने कॅलमला बोलावून आणलं.

कॅलमने दिवा दोनदा मोठा करून पाहिला, दोनदा मंद केला आणि जुन्या फायली उघडल्या. "डोळा किती वेळ उघडा होता, ते कॅमेऱ्याने प्रत्येक चित्राबरोबर लिहून ठेवलंय," तो शेवटी म्हणाला. "म्हणजे किती पुसलं गेलं, ते गणिताने भरून काढता येईल. अगदी वेगाची थरथर गेली ती गेली, पण संथ थरथर पुरेल. तीन आठवड्यांचं काम आहे, मेले. प्रबंध वाचला."

मेलेने पहिल्यांदा चीज रोलला हात लावला.

"शुक्रवारच्या बैठकीत कॅमेऱ्याचा दोष म्हणून सांगतो," कॅलम हळूच रेविनला म्हणाला. "जाता जाता तुला कशाला त्रास?"

"कॅमेऱ्याने काय घोडं मारलंय? उद्या आणखी कुणी पेशींची दया येऊन दिवा मंद करेल आणि तुम्ही कॅमेरा खोलून बसाल. मी सांगते."

शुक्रवारी बारा माणसं जमली. एवढ्या वर्षांत रेविन नेहमी मागच्या खुर्चीत बसायची आणि फळ्याजवळ फक्त तो पुसायला जायची. आज तिने खडू उचलला आणि पेशी दाखवायला एक गोल काढला. हात इतका कापत होता की गोल जागोजागी वाकडातिकडा झाला. ती पुसायला वळली.

"राहू द्या, आँटी," पुढच्या रांगेतून मेले म्हणाली. "पेशी अशीच असते."

रेविनने फडकं खाली ठेवलं आणि सगळ्यांकडे तोंड केलं.

"दिवा मी मंद करत होते," ती म्हणाली.