आधी झोळीत बसा

अकरा कागदांची चळत ब्रेटने टेबलावर आपटली आणि वर पेन ठेवलं.

"सही कर, लुसेआने. बारा वाजता मला हे पाठवायचेत."

लुसेआनेने कागद पाहिले आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अकरा शिकाऊ माणसं, अकरा नावं, आणि प्रत्येक नावाखाली छापलेलं की ही व्यक्ती म्हाताऱ्या माणसाला यंत्राने पलंगावरून सुरक्षित उचलू शकते. त्याखाली शिक्षिकेच्या सहीची जागा. ती सही झाली की सोमवारी सकाळी सात वाजता हीच अकरा माणसं लोगन शहरातल्या वृद्धाश्रमांत कुणाच्या तरी आईला हवेत उचलणार होती. आणि आज शुक्रवारपर्यंत त्यांनी केलं काय होतं? भिंतीवर चाळीस मिनिटांची फिल्म पाहिली होती. पी हळद अन् हो गोरी!

यंत्र वर्गाच्या कोपऱ्यात उभं होतं. चाकांवर एक लोखंडी हात आणि त्याला पट्ट्यांनी अडकवायची कापडी झोळी. लुसेआनेचा नऊ वर्षांचा नियम होता की दुसऱ्याला उचलायच्या आधी प्रत्येकाने स्वतः झोळीत बसायचं आणि तीन मिनिटं लटकायचं. चांगले दांडगे गडी पांढरेफटक पडायचे. मग एकमेकांना उचलायचं, चुकायचं, पुन्हा उचलायचं. दोन दिवस लागायचे. नेमके तेच दोन दिवस ब्रेटने वेळापत्रकातून कापले होते. ब्रेट या संस्थेचा व्यवस्थापक. आयुष्यात कधी कुणा आजाऱ्याला घोटभर पाणी पाजलं नसेल, पण उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"यांच्यातलं कुणीच झोळीत बसलेलं नाही," ती म्हणाली.

"फिल्ममध्ये सगळं आहे की."

"फिल्म बघून पोहता येतं का रे?"

वर्गात कुणीतरी फिस्सकन हसलं. ब्रेटने भिंतीकडे बोट केलं. तिथे प्लास्टिकमध्ये मढवलेला तक्ता होता, 'शिक्षकाची भूमिका आणि जबाबदाऱ्या'. एकूण चौदा कलमं.

"नववं कलम वाच. नोंदी वेळेवर पूर्ण करणे. लटकायचं कुठे लिहिलंय, दाखव मला."

नव्हतंच लिहिलेलं. चौदा कलमांत म्हातारं माणूस हा शब्दही नव्हता. ज्याने तो तक्ता केला त्याला बहुधा वाटत असावं की शिक्षक कागदांनाच शिकवतात.

आणि लुसेआनेला खरा संताप आला तो स्वतःचा. मार्चमध्ये तिनेही नववं कलम पाळलं होतं. तेव्हा यंत्र बिघडलं होतं, ब्रेटने असंच पेन पुढे केलं होतं, घरी टोंगाहून, तिच्या मूळ देशातून, पाहुणे आलेले, चर्चचं जेवण तिच्या गळ्यात. तिने सहा सह्या ठोकून दिल्या. त्या सहांतल्या एका मुलीने मांड्यांखालचे पट्टे एकमेकांतून ओवले नाहीत, तसेच सरळ अडकवले. डोरीन नावाच्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाई झोळीतून घसरून फरशीवर पडल्या. खुबा मोडला. तीन आठवड्यांत गेल्या. मुलीची नोकरी गेली. चौकशीवाले आले तेव्हा संस्थेचे कागद चोख निघाले, कारण सही जागच्या जागी होती. मुलगी फोनवर रडत एवढंच म्हणाली, "मिस, तुम्ही हे दाखवलंच नव्हतं." तिच्यावर काय रागवायचं? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

"मी सही करणार नाही," लुसेआने म्हणाली.

"पाच मिनिटांच्या कामाचा केवढा बाऊ करतेस गं! त्यात शिकण्यासारखं आहे काय?" ब्रेटने गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर टाकलं आणि यंत्रापाशी ठेवलेल्या खुर्चीत जाऊन बसला. "चल, उचल मला. आणि मग गुमान सही कर."

"फेतू, पट्टे तू लाव," ती म्हणाली.

फेतू पन्नाशीचा, सामोआ बेटांवरचा. बावीस वर्षं कत्तलखान्यात मेंढ्या आकड्याला लटकवत आला होता. तो कारखाना बंद पडला म्हणून या वर्गात येऊन बसला, तोही शेवटच्या बाकावर. त्याने झोळी ब्रेटच्या पाठीमागून सरकवली, पट्टे मांड्यांखालून घेतले आणि बावीस वर्षांच्या सवयीने, न सांगता, एकमेकांतून ओवले. लुसेआनेने प्रत्येक पट्टा ओढून तपासला आणि वायरच्या टोकाचं हातातलं बटण दाबलं.

यंत्र घुंऽऽ करत वर गेलं. ब्रेटचं बूड खुर्चीवरून सुटलं, गुडघे छातीकडे आले. पाय जमिनीला लागेनात तसा तो चाचपडायला लागला, आणि झोळी हळूहळू गोल फिरली. पँट नडगीपर्यंत वर चढली. एक बूट खाली पडला.

"साहेब उडाले रे!" कुणीतरी ओरडलं.

"पिठाची गोणी दिसते बघ!"

हशा पिकला. मारिसेल नावाच्या फिलिपिनो पोरीने तर फोन काढून शूटिंग सुरू केलं. फिरता फिरता ब्रेटचं तोंड भिंतीकडे झालं. आता त्याला फक्त पाठीमागचं हसणं ऐकू येत होतं.

"ठीक आहे, बघितलं. खाली घे."

लुसेआने हलली नाही. तिला बघायचं होतं की या अकरांत कोण हलतं.

"खाली घे ना!" त्याचा आवाज चिरकला. त्याने पट्टा दोन्ही मुठींत आवळून धरला होता.

फेतू पुढे झाला. भिंत आणि झोळी यांच्या मधल्या अरुंद जागेत शिरला, ब्रेटच्या डोळ्यांसमोर आपले डोळे येतील एवढा वाकला. एका हाताने त्याने झोळी थांबवली, दुसऱ्याने वर चढलेली पँट खाली ओढून नडगी झाकली.

"साहेब, माझ्याकडे बघा. मी आहे इथे," तो म्हणाला. "आता खाली घेतो. आधी पाय टेकतील, मग खुर्ची लागेल. सावकाश." आणि हात मागे करून म्हणाला, "मिस, बटण द्या."

हसणं केव्हाच थांबलं होतं. लुसेआनेने बटण त्याच्या हातात दिलं. ब्रेट खाली आला तरी क्षणभर त्याने फेतूचं मनगट सोडलं नाही.

लुसेआने टेबलापाशी गेली, चळतीतून फेतूचा कागद काढला, सही केली. उरलेले दहा तसेच ब्रेटच्या हातात ठेवले.

"हा एक तयार आहे. लटकणाऱ्याला काय हवं असतं, ते याला झोळीत न बसताच कळलं. बाकीच्यांना दोन दिवस लागतील."

ब्रेटने बूट चढवला. त्याची मान लालबुंद झाली होती. क्षणभर वाटलं, काही वेगळं बोलेल. पण जित्याची खोड!

"सोमवारपासून येऊ नकोस," तो म्हणाला. "सही करणारे रग्गड मिळतात."

"मिळतात ना. मार्चमध्ये मी होतेच की. पण आज शुक्रवार आहे आणि चार वाजेपर्यंत वर्ग माझा आहे. दार लावून घे जाताना."

दार आपटलं. भाडं, चर्चची वर्गणी, टोंगाला पाठवायचे पैसे, सगळं एकदम लुसेआनेच्या डोक्यात आलं, आणि तिने ते तिथेच बाजूला सारलं. दहा जण खाली माना घालून बसले होते. मारिसेलने फोन पिशवीत टाकला आणि न बोलावता येऊन खुर्चीत बसली.

लुसेआनेने तिच्या मांड्यांखालून पट्टे घेतले, सगळ्यांना दिसावं म्हणून उंच धरले.

"हा पट्टा या दुसऱ्याच्या आतून जातो. मार्चमध्ये मी हे दाखवलं नव्हतं," ती म्हणाली. "त्या बाईंचं नाव डोरीन होतं. आता प्रत्येकाने मला करून दाखवायचं."