मालुबाईच्या पिशवीतला देव

पहिलंच सांगतो, मी इतिहास शिकलेला न्हाय. बेळगावात खासबागेत मोबाइल दुरुस्तीचं दुकान हाय माझं. लढाईचं सगळं मी यूट्यूब बघून आणि कॅम्पातल्या फौजी पेन्शनर लोकांना चहा पाजून गोळा केलंय. त्यावरच दर रविवारी सकाळी लोकांना कॅम्पात फिरवतो. दुसऱ्या महायुद्धातलं बेळगाव. इथली पोरं कुठंकुठं लढायला गेली, कबरीत कोण झोपलंय, चालत चालत सांगायचं.

ह्या रविवारसाठी ग्रुपवर मेसेज टाकलता. ज्यांच्या घरातलं कोण त्या लढाईला गेलतं, त्यांनी त्यांची एखादी वस्तू घेऊन यावी. माझ्या डोक्यात बिल्ले, फोटो, फार तर पितळी बटणं.

हिंडलग्यासनं मालुबाई आलत्या, नातीला घेऊन. नात आरोही, कॉलेजात हाय. शरद सर म्हणून एक रिटायर मास्तर होते. बाकी चार-पाच जण.

कबरस्तानाच्या भिंतीला सावली होती, तिथं थांबलो. म्हटलं, दाखवा आता कुणी काय आणलंय. सरांनी चुलत्याचा वर्दीतला फोटो दाखवला. मालुबाईंनी पिशवीतनं केळीच्या पानात गुंडाळलेलं काय तर काढलं आणि कट्ट्यावर ठेवलं. मोठ्या पेरूएवढं. शेंदरानं माखलेलं, वर हळदकुंकू, आणि भोवतीनं लाल दोरा गच्च गुंडाळलेला.

त्यांचा सासरा इटलीच्या लढाईवरनं आला तेव्हा ट्रंकेतनं आणलता म्हणे. ह्यानं मला वाचवलं, असं त्यो सांगायचा. म्हणून देव्हाऱ्यात बसवला. खंडेनवमीला कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, सगळ्या हत्यारांबरोबर ह्याचीबी पूजा. दुधानं धुवायचा, तेलात कालवून शेंदूर लावायचा, जुना दोरा सोडून नवा बांधायचा.

सरांनी उचलून हातात घेतला. शेंदराखाली अक्षरं हायत वाटतं, म्हणाले, दोरा सोडला तर दिसतील. मालुबाई म्हणाल्या, सोडा की, आम्ही दरवर्षी सोडतोयच. मग सहज सांगितल्यासारखं त्यांनी सांगितलं, "आदी ह्याला एक कडी हुती. ती गंजून पडली, मी लगीन हून यायच्या आदीच. तवापासनं दोरा बांधतोय."

कडी म्हटल्यावर मी वाकून नीट बघितलं. तोवर मी त्याला जुनं वजन समजलो होतो, खोटं कशाला बोलू. पण कडी, आणि कडंला ती खाली वाकलेली पट्टी. असले व्हिडिओ मी लई बघितलेत. कडी निघाली की पट्टी दाबून धरायची. पट्टी सुटली की संपलं.

सरांनी दोरा सोडलता.

कट्‌ करून बारीक आवाज आला. इतकी वर्षं पट्टीला धरून बसलेला शेंदराचा पोपडा उडाला आणि पट्टी केसभर वर आली.

मी कधी उडी मारली मला कळलं न्हाय. सरांच्या हातावर हात ठेवून पट्टी दाबली.

"सर, हळू हात काढा. माझ्या हातात द्या."

"काय झालं रे?"

"हातबॉम्ब हाय."

मागं कोण तर हसलं. माझं तोंड बघून थांबलं. सरांनी एकेक बोट काढलं, दोन पावलं मागं सरकले, मग वळून पळत सुटले. त्यांना काय बोलायचं. मलाबी पळायचंच होतं.

मी आरोहीला म्हटलं, सगळ्यांना रस्त्याच्या पलीकडं ने आणि पोलिसांना फोन लाव. माझा आवाज मलाच दुसऱ्याचा वाटायलता. तिनं आज्जीचा दंड धरून ओढलं. आज्जी हलंना.

शेंदराला तेल. माझ्या हाताला घाम. पट्टी बोटाखालनं घसरायली. टाकून पळावं तर किती लांब जाईन? भिंतीपलीकडं टाकावा तर तिकडं झाडलोट करणारी बाई मघाशीच दिसलती. आणि मला मुतायला आलतं. भलत्या वेळेला शरीर काय काय मागतंय.

मालुबाई खाली पडलेला दोरा उचलून जवळ आल्या.

"आज्जी, जावा तुम्ही. पाया पडतो."

"गप उभा ऱ्हा."

त्यांनी दोरा बांधायला घेतला. वरनं खाली, पट्टीवरनं, आडवा, परत उभा. जन्मभर बांधलेला हात. पण माझी बोटं मधी होती आणि ती काढायची माझी छाती न्हाय. म्हणून त्यांनी बोटांसकट बांधला. शेवटची गाठ मारताना त्यांच्या बांगड्या माझ्या मनगटाला लागल्या. गार होत्या. आता मी आणि बॉम्ब एका दोऱ्यात.

मग आरोही येऊन त्यांना घेऊन गेली.

बॉम्बवाले येईस्तोवर मी तसाच उभा. पोलीस लांबनं कन्नडमधनं ओरडून सांगायलते, हलू नको. कोण हलायलंय? एक मुंगी पायावरनं चढली, चावली, तरी मी हललो न्हाय.

शेवटी जाड अंगरख्यातला माणूस आला. त्यानं कडीच्या भोकात तार घातली, दोरा कापला आणि माझी बोटं एकेक करून उलगडली. मी विचारलं, एवढ्या वर्षांनी मेलेला असंल की हो? त्यानं मान हलवली. "न्हाय. जिवंत धरूनच चालायचं."

बॉम्ब वाळूच्या पेटीतनं गाडीत गेला. मी रस्त्यापलीकडं जाऊन मालुबाईंच्या शेजारी बसलो. सुटलो, असं म्हणणार होतो. त्या रडत नव्हत्या. पदराचा काठ बोटाला गुंडाळत होत्या.

"आणि एक हाय रं," त्या म्हणाल्या.

सासऱ्यानं दोन आणलते. भाऊ वाटणीला बसले तेव्हा देवबी वाटून घेतले. एक ह्यांच्याकडं राहिला, एक थोरल्या दिराकडं निपाणीला गेला. आता पुतण्या भरमूच्या देव्हाऱ्यात हाय. त्याचीबी कडी गेल्याली. त्यालाबी दोराच.

आरोहीनं स्पीकरवर फोन लावला. मी सगळं सांगितलं. म्हटलं, भरमूअण्णा, लगेच घरातनं भाईर पडा. तो हसायलाच लागला.

"आमच्या आज्ज्यापासनं गप बसलाय त्यो. आजच उठतोय व्हय? थांबा, आणून दाखवतो व्हिडिओवर."

नको म्हणेपर्यंत त्यानं फोन ठेवला कुठंतर. कट न्हाय केला, नुसता ठेवला. पावलं लांब जायली. आम्ही तिघं त्या फोनला नावं घेऊन हाका मारायलो.

मग बाईचा आवाज आला. त्याची बायको, जयाबाई. कडक.

"तंबाखूचं हात घिऊन देवाला शिवताय? लाज हाय का न्हाय. आदी अंगूळ करा."

तो काय तर पुटपुटला. पावलं वळली. जयाबाईनं फोन उचलला तसा मालुबाईंनी आरोहीच्या हातातनं हिसकावूनच घेतला.

"जया, त्याला अंगूळ करू दिऊ नगो."

"काय म्हनता, काकी?"

"आज न्हाय करायची अंगूळ. अंगूळ झाली की देवाला हात लावंल त्यो. पोरं घे आणि भाईर पड. त्यालाबी वड भाईर."

फोनात मागं न्हाणीत बादलीत पाणी पडायचा आवाज यायलता, बादली भरत आली की येतो तसला. निपाणीला कळवा म्हणून सांगायला मी उठून पोलिसाच्या गाडीकडं पळालो.