मुळाकडचं टोक

मी एक केस बोलतोय. हसू नका. केसाची किंमत मला चांगली ठाऊक आहे. डोक्यावर असलो तर कौतुक, ताटात सापडलो तर तेच लोक नाक मुरडतात. पण एका लहान मुलीने कुठल्या घरी राहायचं, हे एकदा माझ्यावर ठरणार होतं. आणि नेमका तेव्हा मी उलटा ठेवला गेलो होतो.

माझा जन्म त्या मुलीच्या उजव्या कानामागे झाला. घरात तिला सगळे चिमणी म्हणत. आम्ही केस मुळाशी वाढतो, म्हणून शेंडा म्हणजे आमचं बालपण आणि मूळ म्हणजे काल-परवाची गोष्ट. तिच्या रक्तात जे फिरतं त्यातलं कणभर माझ्यात उतरतं आणि तिथेच राहतं. मला विसरता येत नाही.

तिची आई गेली तेव्हा मी बोटभरही नव्हतो. बाबा बॅटऱ्यांच्या कारखान्यात कामाला. तिथेच अंघोळ करून, कपडे बदलून घरी येत आणि मगच लेकीला जवळ घेत. वेणी मात्र अशी घालत की शाळेच्या दारात पोचेपर्यंत सुटायची. चिमणी धड जेवेना, तेव्हा मावशी म्हणाली, "भाऊजी, राहू दे तिला माझ्याकडे. तिच्या केसालाही धक्का लागू देणार नाही."

आणि मावशीने खरंच जीव लावला. खिडकीच्या जुन्या रंगाचे पोपडे निघाले होते. खोली छान दिसावी म्हणून ती रोज थोडी थोडी खिडकी पॉलिशपेपरने घासायची. पांढरी धूळ उडायची, चिमणीच्या उशीवर, खेळण्यांवर, हातांवर बसायची. त्या धुळीत शिसं होतं. मावशीला ते माहीत नव्हतं. माझ्या मुळाशी मात्र ते साठायला लागलं.

चिमणीचं पोट दुखायचं, पण आई गेल्यापासूनच ती कुरकुरत होती. त्यामुळे दुखणं नक्की कधी सुरू झालं, कुणाला सांगता येईना. शेवटी इस्पितळात तिच्या रक्तात शिसं सापडलं आणि सगळ्यांच्या नजरा बाबांकडे वळल्या. बॅटरीत शिसं असतं हे कुणाला माहीत नाही?

डॉक्टर म्हणाले, "रक्तावरून किती ते कळलं. कधीपासून, ते केस सांगेल. त्यावरून ठरवू हिला कुणाकडे पाठवायचं."

मला मुळाशी कापलं, सोबत शेजारच्या एका केसालाही. मावशीने नुकतेच शेंडेही कापले होते, त्यामुळे माझी दोन्ही टोकं सारखीच दिसत होती. म्हणून मुळाकडे निळा दोरा बांधून मला प्रयोगशाळेत पाठवलं.

तिथल्या मॅडम मोठ्या काटेकोर. पण मला धुताना दोरा सुटला, तेवढ्यात फोन वाजला, आणि फोन खांद्याशी धरून त्यांनी दोरा पुन्हा बांधला. शेंड्याला! मी मनात ओरडलो. केसाचं ओरडणं कुणाला ऐकू येणार?

यंत्रात माझ्यावर क्ष-किरणांचा झोत पडला, माझ्या जाडीपेक्षाही बारीक. तो तसूतसूने पुढे सरकत होता आणि प्रत्येक ठिपक्यावर मोजत होता: गंधक किती, जस्त किती, शिसं किती. माप अगदी चोख होतं. फक्त माझा भूतकाळ वर्तमान झाला होता आणि वर्तमान भूतकाळ.

बाबा आणि मावशी निकाल ऐकायला आले. मॅडम म्हणाल्या, "शिसं आधीचं आहे. आता कमी होतंय."

म्हणजे बाबांच्या घरचं. बाबा भिंतीला टेकले.

"एवढी अंघोळ करून यायचो गं," ते म्हणाले. "घेऊन जा तिला. मी खिडकीतून बघत जाईन, जवळ येणार नाही."

दोघं जिना उतरू लागली. केसाने गळा कापणं म्हणतात ना, ते माझ्या हातून होत होतं. मला रडताही येत नव्हतं.

मॅडमनी मला पाकिटात ठेवायला उचललं. त्यांचंही मन जड झालं असावं, कारण चाळा म्हणून त्या मला अंगठा आणि बोटात धरून चोळू लागल्या. आणि तिथे मला वाट सापडली. माझ्या अंगावर बारीक खवले असतात, शेंड्याकडे झुकलेले. असं चोळलं की मी नेहमी मुळाच्याच दिशेने सरकतो. मी सरकलो. बिनदोऱ्याच्या टोकाकडे.

मॅडम थबकल्या. त्यांनी पुन्हा चोळलं. पुन्हा तिकडेच. त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, खवले पाहिले, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"अहो, थांबा! चूक माझी आहे! शिसं आधीचं नाही, आत्ताचं आहे!"

पाकिटातल्या दुसऱ्या केसानेही तेच सांगितलं. मग घरात नवीन काय केलं, म्हणून विचारणं झालं आणि खिडकी निघाली. मावशी मटकन खाली बसली.

"मी तर तिच्यासाठीच घासत होते हो..."

तिला कुणी बोल लावला नाही. बाबांनीच तिला हाताला धरून उठवलं. "तुझं घर नीट होईपर्यंत तूच ये आमच्याकडे," ते म्हणाले. "मला कुठे धड वेणी घालता येते?"

आता मी मॅडमच्या टेबलावर काचेखाली चिकटवलेला असतो, दोन्ही टोकांना चिठ्ठ्या लावून. परवा चिमणी तपासणीला आली होती. तिच्या नव्या केसाच्या मुळाशी शिसं जवळजवळ नाहीच. माझ्या अंगातलं मात्र जाणार नाही, आणि त्याचं मला दुःख नाही. एवढंच मागणं आहे: कुणाला गुन्हेगार ठरवण्याआधी एकदा मला बोटांत धरून बघत जा.

जाताना चिमणीने काचेवर नाक टेकवून मला पाहिलं. पाठीवर वेणी होती, घट्ट, न सुटलेली.