दोन फोटोला, एक माणसाला

चाकणच्या आमच्या कंपनीत चहाची सुट्टी दहा मिनिटांची. त्यातली चार रांगेत जातात, दोन लॉकरमधून मोबाईल काढण्यात, कारण लाईनवर मोबाईल चालत नाही. उरलेल्या चार मिनिटांत मला त्या शुक्रवारी कळंबला तीन हार पोचवायचे होते.

आदल्या दिवशी गुरुवारची सुट्टी होती, तेव्हा शहाणपणा करून मोबाईलवरच मागवायला गेले होते. तिथे नुसते गुलाब होते, केकसोबत गुलाब होते, कापसाच्या अस्वलासोबत गुलाब होते. प्रसंग निवडा म्हणे : वाढदिवस, प्रेम, माफी. मी काहीच न निवडता कळंबचा पिनकोड टाकला, तर या भागात सेवा उपलब्ध नाही असं आलं. कळंबच्या लोकांना ना प्रेम करायचं असतं ना माफी मागायची असते, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

मग धम्मपालनं, माझ्या धाकट्या भावानं, लक्ष्मणरावांचा नंबर पाठवला. एसटी स्टँडसमोर त्यांचं 'विजयश्री हार-फुले' नावाचं दुकान आहे. रविवारी अकरा वाजता आप्पांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. मंडप, खुर्च्या, जेवण सगळं धम्मपालनं अंगावर घेतलं होतं. तू येणार नाहीसच, तर निदान हारांचं बघ, एवढंच तो मला म्हणाला. चिडून म्हणाला असता तर बरं झालं असतं.

रजा मिळत नाही, असं मी त्याला सांगितलं होतं. खरं म्हणजे मी रजा मागितलीच नव्हती. रजेच्या अर्जावर कारण लिहावं लागतं.

आप्पांना जाऊन दहा दिवस झाले होते. मी गेले होते, अगदी वेळेत पोचले होते, तीन दिवस घरात होते. आलेल्यांना पाणी दिलं, चहा दिला, चपला रांगेत लावल्या. रडले मात्र नाही. काकू स्वयंपाकघरात कुणाला तरी म्हणाली, पोरगी दगड आहे. मी दाराशीच उभी होते. मला राग यायला हवा होता, पण तोही आला नाही. कप विसळायचे राहिले होते, ते विसळले.

परत आल्यावर कंपनीत ताप होता म्हणून सांगितलं. ठरवून नाही. संत तुकाराम नगरच्या स्टॉपवरून कंपनीच्या बसमध्ये चढले तेव्हा स्वरूपानं जागा धरली होती, तिनं विचारलं, काय गं, ताप का? मी हो म्हणाले. मग मोशी येईपर्यंत ती तिच्या भाचीच्या बारशाचं सांगत राहिली आणि मला काही बोलावं लागलं नाही.

स्वरूपा माझ्या शेजारच्या टेबलावर असते. आम्ही दोघी ब्रेकचे पार्ट तपासतो, चांगले डावीकडे, खराब उजवीकडे. गेल्या वर्षी आप्पा माझ्याकडे आठ दिवस राहून गेले तेव्हा तिच्यासाठी आठवणीनं कुंथलगिरीचा पेढा घेऊन आले होते. तेव्हापासून ती मला विचारायची, "आप्पांचे गुडघे काय म्हणतात?" त्या तापाच्या दिवशीही तिनं विचारलं. मी म्हणाले, बरे आहेत. एकदा बरे आहेत म्हटलं की दुसऱ्या दिवशी गेले कसं म्हणायचं? मग मी रोज थोडं थोडं वाढवत गेले. आता जिना चढतात. काल बाजारात जाऊन आले. अख्ख्या चाकणमध्ये आप्पांना काही झालेलं नव्हतं, आणि कळंब अडीचशे किलोमीटरवर होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती उघडायची माझी तयारी नव्हती.

बुधवारी स्वरूपानं आप्पांच्या गुडघ्यांना म्हणून तिच्या आईनं काढलेलं निरगुडीचं तेल आणून दिलं. मी घेतलं.

तर शुक्रवारी लक्ष्मणरावांना फोन लावला. माणूस बोलका निघाला. लेकीच्या बाळंतपणासाठी पंधरा दिवस लातूरला होतो, कालच दुकान उघडलं, नात झाली, हे सगळं त्यांनी माझं नाव विचारायच्या आधी सांगितलं. मी तीन हार म्हणाले. त्यांनी विचारलं, "फुटूला का माणसाला?"

हारवाले हे विचारतातच. फोटोचा हार वीतभर चौकटीच्या मापानं ओवतात, माणसाचा गळ्यात घालून कमरेपर्यंत येतो. आमच्या घरातल्या प्रत्येक कार्यक्रमाला तीन हार लागतात. एक बुद्धाच्या फोटोला, एक बाबासाहेबांच्या, आणि तिसरा ज्याचा कार्यक्रम असेल त्याला. लहानपणापासून मी आप्पांना हे फोनवर सांगताना ऐकत आले होते. तेच माझ्या तोंडून गेलं.

"दोन फोटोला, एक माणसाला."

म्हटल्यावर माझं मलाच ऐकू आलं. दुरुस्त करायला एक क्षण होता. तेवढ्यात त्यांनी पत्ता विचारला, मी सांगितला, आणि पलीकडून आवाज एकदम मोकळा झाला. म्हणजे साहेबराव आप्पांचं घर? एसटी डेपोतले? तुम्ही आप्पांची मिनल का? वीस वर्षं जयंतीचे हार त्यांनी माझ्याकडूनच नेले, एकदाही घासाघीस केली नाही. मग शेवटी त्यांनी विचारलं, आप्पांचा सत्कार आहे का?

मी हो म्हणाले.

कुणी माझ्या मानेवर सुरी धरली नव्हती. नाही म्हणून खरं काय ते सांगायला चार शब्द पुरले असते. पण हो हा एकच शब्द होता आणि सुट्टी संपल्याची घंटा झाली होती. लक्ष्मणराव म्हणाले, माणसाच्या हाराचं तुम्ही माझ्यावर सोडा, आप्पांचा हार मी स्वतः ओवतो. मी लॉकर बंद करून लाईनवर गेले. स्वरूपानं विचारलं, घरचा फोन होता का? मी म्हणाले, हो, सगळे मजेत आहेत. दुपारभर चांगले डावीकडे, खराब उजवीकडे. एकही पार्ट चुकला नाही.

शनिवारी मला त्यांना पुन्हा फोन करता आला असता. तीन सुट्ट्या होत्या. तिन्ही वेळा मी चहा घेतला.

रविवारी सकाळी दहाला मोबाईल काढला तर लक्ष्मणरावांचे तीन मिस्ड कॉल. बघत असतानाच चौथा आला. स्वरूपा दोन कप घेऊन माझ्याकडेच येत होती. मी फोन उचलला.

मागे खुर्च्या ओढल्याचे आवाज होते, कुणीतरी माईक तपासत होतं. मग लक्ष्मणराव बोलायला लागले, शुक्रवारचा तो माणूसच नव्हे. ते स्वतः आले होते. मुलाला दुकानात बसवलं होतं आणि इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, कारण आप्पांच्या गळ्यात हार आपल्या हातानं घालायचा होता. दारात चपला दिसल्या, मंडप दिसला, बरं वाटलं. हार दोन्ही हातांवर धरून ते आत गेले आणि विचारलं, कुठायत आमचे सत्कारमूर्ती? सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. मग त्यांना बुद्ध-बाबासाहेबांच्या खाली ठेवलेला तिसरा फोटो दिसला.

"मला कुणी सांगितलंच न्हाई, माय," ते म्हणाले. "मी हासत आत गेलो."

ते रडत होते. साठीचा माणूस, दुसऱ्याच्या बापासाठी, आमच्या गल्लीत बसून रडत होता. मला त्यांची लाज वाटली, मग माझी वाटली. गेल्या बारा दिवसांत मला वाटलेली ती पहिली गोष्ट होती. धम्मपाल त्यांना काहीच बोलला नव्हता म्हणे. खुर्ची दिली, पाणी दिलं. माझी ताई असं का म्हणाली, हेही विचारलं नाही.

मी म्हणाले, माझं चुकलं मामा. ते म्हणाले, चुकल्याचं जाऊ द्या. त्यांनी नाक पुसलं असावं, मग आवाज जरा कामाचा केला. "आता एक सांगा. हार माणसाचा हाय. फुटूला घातला तर पार खाली लोळतोय, त्याच्यावर कुणाचा पाय पडंल. धागा तोडून, निम्मी फुलं काढून त्याचा फुटूचा करावा लागंल. मी कात्री घिऊन बसलोय. पर माझा हात हुईना. तुमची ऑर्डर हाय, तुमी म्हणा. तोडू का?"

स्वरूपा समोर येऊन उभी राहिली होती. एक कप तिनं माझ्यापुढे केला. मी घेतला नाही.

मला वाटलं, राहू दे म्हणावं. तसाच ठेवा, दाराला लावा, दुकानात परत न्या, कुणालाही घाला. मी नाही म्हणाले तर ते तोडणार नव्हते, तसे भले होते. हार तसाच अख्खा राहिला असता आणि मंडपात शंभर माणसं आप्पांची वाट बघत असल्यासारखी बसली असती. पलीकडून ते पुन्हा हलकेच म्हणाले, माय, भन्तेजी आलेत.

"तोडा मामा," मी म्हणाले. "आप्पा गेले. फोटोचाच करा."

ते बरं म्हणाले. मोबाईल त्यांनी तसाच खाली ठेवला असावा, कारण फोन चालू राहिला आणि मला कात्रीचा आवाज ऐकू आला. एकदाच. घंटा झाली. लोक कप टाकून लाईनकडे निघाले. मी भिंतीला धरून खाली बसले, आणि तोंडातून जो आवाज यायला लागला तो मला थांबवता येईना. लाईनवर जाणारे मागे वळून बघत होते.

स्वरूपा कप जमिनीवर ठेवून माझ्याशेजारी बसली. तिनं माझा हात धरला. तिच्या चेहऱ्यावर ते सगळं हळूहळू जुळत गेलेलं मला दिसलं, गुडघे, जिना, बाजार.

"मिनल," ती म्हणाली, "कधी गं?"

तिला बारा दिवस झाले असं सांगायचं होतं. तारीखसुद्धा पाठ होती. मी म्हणाले, "आत्ता."