मधली फळी

"येणार दोन माणसं, आणि भुसा खातेय मी," वहिनी नाकाला रुमाल बांधून माझ्या कानाशी पुटपुटली. "घर आहे की सुताराचं दुकान?"

दादाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि टेबलावर सँडपेपर घासत राहिला. ताई रविवारी जेवायला येते म्हणाली होती, नवऱ्यासकट. लग्नानंतर पहिल्यांदाच. आईचं एकच म्हणणं होतं: सगळ्यांनी एकाच टेबलाशी बसायचं. त्यासाठी टेबल पूर्वीसारखं लांब व्हायला हवं होतं.

हे टेबल ओढलं की मधोमध दुभंगायचं आणि त्या फटीत मधली फळी बसायची. ताई गेली त्याच सुमारास फळी कपाटामागे गेली. 'पोरगी आपल्या पायांनी निघून गेली' आणि 'टेबलाची सरकपट्टी मोडली' ही बाबांची दोन वाक्यं. आमच्याकडे बाबांनी मोडलं म्हटलं की ते मोडलेलंच असतं.

फळी बाहेर काढली तर गडद, नवीकोरी. टेबल मात्र उन्हाने आणि गरम भांड्यांनी पार विटलेलं.

"अंधारात ठेवलं की माणूसही असंच टिकत असेल का गं?" मी म्हटलं.

"मला काय विचारता? मला स्वयंपाकघरात ठेवलंय," वहिनी म्हणाली.

रंग थोडाफार जुळल्यावर दादाने टेबल उलटं केलं आणि नुसताच बघत राहिला. मीही वाकले. सरकपट्ट्या धडधाकट होत्या. दोन्ही अर्ध्या भागांवर एक आडवी रीप टाकून स्क्रू पिळलेले. चार पुरले असते तिथे ओळच्या ओळ. वर त्यांच्या खाचा कानशीने घासून टाकलेल्या, पुन्हा कुणाचा पेचकस लागू नये म्हणून.

दादाने बाबांकडे पाहिलं. बाबांनी तोंडासमोरचा पेपर हलवला नाही.

"ओढाताण करू नका. मोडलंय म्हणून सांगितलं होतं ना? त्या दोघांना बसवा बाजूला स्टुलावर."

"हो, मोडलंच असेल," दादा म्हणाला. डोक्याला टक्कल पडलं, तरी बाबांसमोर तो अजून सहावीतच.

"स्टूल पुसून ठेवते," वहिनी म्हणाली.

"ताई घेईल चालवून," मीही म्हणाले. चालवून घेण्यात आमचं घराणं पटाईत.

आई ओले हात पुसत दारात उभी होती. ती आली, गुडघ्यावर हात रोवून खाली बसली आणि त्या स्क्रूंवरून बोट फिरवत शेवटच्या स्क्रूपर्यंत गेली.

"मोडलं नव्हतं," ती म्हणाली.

"तू गप्प बस," बाबा पेपराआडून म्हणाले.

"गप्पच होते की इतकी वर्षं. ती निघून गेली नाही. आपण तिला हाकललं. तुम्ही हे पिळत होतात, आणि मी एकेक स्क्रू तुमच्या हातात देत होते."