रडत रडत दिलेला नकार

क्रांतीला राग आला की शब्दांच्या आधी डोळ्यांतून पाणी यायचं. उरणजवळच्या एका गोदामात ती शिफ्ट सुपरवायझर होती आणि या एका गोष्टीने तिचा जीव मेटाकुटीला आला होता. मुद्दा बरोबर असायचा, पण डोळे भरले की समोरचा म्हणायचा, “मॅडम, आधी शांत व्हा.” झालं, मुद्दा तिथंच संपायचा.

त्या सोमवारी सकाळी फोर्कलिफ्ट चालवणारे सीतारामकाका चावी घ्यायला आले. रोज “जय भीम, पोरी” म्हणत इकडचंतिकडचं बोलल्याशिवाय हलायचे नाहीत. आज नुसता हात पुढे केला.

“काका, बरं आहे ना?”

“हाय की. चावी दे.”

तो तुटक, कोरडा आवाज तिला खटकला. तिने चावी मुठीत धरली.

पाच मिनिटांत मॅनेजर श्यामसुंदर आला. “चार गाड्या खोळंबल्यात. प्रॉब्लेम काय आहे?”

“सर, ते आज नेहमीसारखे नाहीयेत.”

“म्हणजे? ताप आहे? प्यायलेत? नाही ना? तुझ्या फीलिंगवर गोदाम चालत नाही, क्रांती.”

डोळे भरलेच. तिला स्वतःचीच चीड आली.

“बघ, लागलीस रडायला.”

“हो, रडतेय,” ती म्हणाली. “पण चावी देणार नाही.”

श्यामसुंदर पाय आपटत गेला. क्रांतीने काकांना आत नेलं, चहा दिला, काही विचारलं नाही. अर्धा कप संपल्यावर तेच म्हणाले, “डाव्या डोळ्यानं दोन दिस धुरकट दिसतंय. सांगितलं असतं तर घरी बसवलं असतं. बायकोला काय सांगू?”

तिने त्यांना तडक दवाखान्यात पाठवलं. साखर भयंकर वाढली होती. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, डोळा वाचेल.

गुरुवारच्या मीटिंगमध्ये श्यामसुंदरने छाती फुगवून सांगितलं, “आपल्या सेफ्टी सिस्टिममुळे मोठा अपघात टळला.” टाळ्या पडल्या. क्रांतीच्या अंगाचा तिळपापड झाला. डोळे पुन्हा भरून आले. एरवी ती उठून बाथरूम गाठायची. आज ती तशीच उभी राहिली.

“सर, त्या सकाळच्या सेफ्टी तपासणीत सिस्टिमने काकांना पास केलं होतं. त्यांचा आवाज मला खटकला, म्हणून मी थांबवलं. संशय आला तर ड्रायव्हरला थांबवायचा अधिकार सुपरवायझरला लेखी द्या.”

गालांवरून पाणी ओघळत होतं. तिने ते पुसलं नाही. कुणी हसलंही नाही.

“बघू,” श्यामसुंदर कागद चाळत म्हणाला. “नेक्स्ट पॉइंट.”

बघू! तिला टेबल उलथून टाकावंसं वाटलं.

“पुढच्या गुरुवारी परत विचारणार, सर,” ती बसता बसता म्हणाली. “तेव्हाही मी रडेन बहुतेक. तुम्ही उत्तर तयार ठेवा.”