इमाम मिस्त्री शेजारी बसतो

"मोठा बसव," बाळासो म्हणाले. "त्यात इचारायचं काय?"

साताऱ्यातल्या गॅरेजात टेबलावर पोतं अंथरून त्यावर दोन टर्बो ठेवले होते. एक डंपरचा, चांगला कळशीएवढा. दुसरा कसल्याशा कॉम्प्रेसरच्या इंजिनाचा, तांब्याहून थोडा मोठा. इमाम मिस्त्रीने मोठ्याच्या तोंडात बोट घालून आतलं चक्र फिरवलं. ते जड होतं, नाखुशीनेच फिरलं. मग त्याने छोट्याचं फिरवलं. बोट काढल्यावरही ते फिरत राहिलं.

"मालक, इंजिनातनं धूर भाईर पडतो, त्यावर ह्ये चक्र फिरतं आन् इंजिनात जादा हवा कोंबतं. मोठ्याला फिराया लय धूर लागतो. तवर गाडी मेल्यागत. आन् एकदा का फिरला, की समदी ताकद एकदम. घाटात ते वंगाळ."

"का?"

"वळनावर डायवर पाय दाबतो, काय व्हत न्हाई. म्हनून आनखी दाबतो. ताकद येती तवा फुडं रस्ता नसतो, दरी असती. छोटा कमी देतो, पर मागितल्या मागितल्या देतो."

"शर्यतीत कमी घिऊन काय करू, मिस्त्री?"

बाळासो सांगलीकडचे, नदीकाठच्या दीडशे एकर उसाचे मालक. त्यांनी एका जहागीरदाराकडून जुनी सहा सिलिंडरची अमेरिकन गाडी घेतली होती, आणि महाबळेश्वरच्या एका हॉटेलवाल्याने चारचौघांत त्या गाडीला 'म्हातारी' म्हटलं होतं. तेवढ्यावरून रविवारी सकाळी वाईहून पांचगणीपर्यंत पसरणीच्या घाटात शर्यत ठरली. टर्बोचं काम समजणारा माणूस सबंध सातारा-सांगलीत एकच, इमाम. धरणाच्या कामावर एका ठेकेदाराच्या वर्कशॉपमध्ये त्याने दहा वर्षं डंपरची इंजिनं उघडली होती.

गाडी चालवणार होता नियाज. बाळासोंचा ड्रायव्हर, इमामचा जावई, आणि सख्ख्या बहिणीचा मुलगाही. म्हणून तो सासऱ्याला मामूच म्हणे. इमामची लेक आबेदा सातवा महिना लागल्यामुळे बाळंतपणाला माहेरी आली होती.

इमामचं भित्रेपण साताऱ्यात सगळ्या गॅरेजवाल्यांना ठाऊक होतं. एकदा आवळलेला नट तो तीनदा तपासायचा. एस.टी.त दाराजवळची जागा धरायचा आणि घाट लागला की डोळे मिटायचा. लोक त्याची मनसोक्त टिंगल करायचे, पण ब्रेकचं काम निघालं की गुपचूप त्याच्याच दारात गाडी लावायचे.

ठेकेदाराच्या त्या वर्कशॉपची एक रीत होती. ज्याने गाडीला हात लावला, त्याने पहिल्या फेरीला ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं. मिस्त्रीला स्वतःचा जीव प्यारा असतो, त्यामुळे काम चोख होतं, असा त्यातला साधा हिशेब. एका पावसाळ्यात इमामने सिद्धू ड्रायव्हरच्या डंपरचं काम केलं आणि फेरीला निघायच्या वेळी भिऊन शेजारचं दार बाहेरूनच लावलं. "तू हो फुडं," तो सिद्धूला म्हणाला. सिद्धू पुढे गेला तो परत आला नाही. रस्त्याची कड ढासळली, मिस्त्रीचा दोष नाही, असं चौकशीत निघालं. इमामला ते पटलं होतं, तरी त्याची झोप गेली ती गेलीच. त्यानंतर त्याने शेजारची जागा कधी चुकवली नाही. पाचावर धारण बसलेली असायची, पण तो बसायचा.

शेवटी मोठा टर्बोच बसला. बाळासोंना ठामपणे नाही म्हणायचं इमामच्या अंगात नव्हतं.

शुक्रवारी दुपारी फेरीला निघाले. नियाज स्टिअरिंगवर, इमाम शेजारी, बाळासो मागे पाय पसरून. घाट सुरू झाला तशी गाडी कुरकुरत चढू लागली. तिसऱ्या वळणाला नियाजने पाय दाबला. काहीच नाही. त्याने आणखी दाबला. आणि मग एक बारीक शिट्टी ऐकू आली, वाढत गेली, आणि मागून कुणी लाथ घातल्यासारखी गाडी सुटली. मागची चाकं बाहेर फेकली गेली. इमामला काचेतून रस्ता दिसेना, नुसतं आभाळ दिसलं. त्याने "या अल्ला" म्हणून किंकाळी फोडली. गाडी आडवी होऊन थांबली तेव्हा कठडा वीतभर अंतरावर होता.

"ह्योच पायजे!" मागून बाळासो ओरडले. "बग की गड्या, म्हातारी कशी उडाली!"

इमामने नियाजकडे पाहिलं. नियाज घामाने भिजला होता आणि हसत होता. खाली धोम, वाई, सगळं खोरं उन्हात पडलं होतं. इमामला त्या दरीची भीती वाटली नाही एवढी त्या हसण्याची वाटली. पोराला ते आवडलं होतं.

बाळासो त्या संध्याकाळी सांगलीला गेले. रविवारी परस्पर पांचगणीलाच येतो म्हणाले. शनिवारी सकाळी नियाज गाडी पुसायला गॅरेजात आला.

"उद्या शेजारी मी बसनार," इमाम म्हणाला.

"काल बसलासा की मामू. रीत झाली."

"झाली. तरी बसनार."

नियाज पुसत राहिला. म्हणाला, "नगा बसू."

"का?"

"तुमी वरडता. माजं ध्यान जातं."

"न्हाई वरडनार. तोंडात फडकं कोंबतो. मग तर बसू?"

नियाज बॉनेट पुसायला वळला.

"खरं बोल पोरा," इमाम म्हणाला. "आबेदाचा बाप शेजारी असला, तर तिसऱ्या वळनावर तुजा पाय दबंल का?"

नियाजचा हात थांबला. "न्हाई दबनार," तो म्हणाला.

"आन् तू एकला असलास तर?"

"दबंल."

"मला घिऊन दाबवत न्हाई, त्ये सोता एकला कसं दाबतोस रं? तुजा जीव काय भंगारातनं आनलाय का?" इमामने हातातला पाना खाली ठेवला. "मी लय भ्यालोय नियाज. काल रात्री आबेदानं पानी मागितलं तर गिलास हातातनं पडला. मला सांगता यीना तिला."

नियाजने खाली बघत विचारलं, "छोटा एका दिसात बसंल?"

बसणार होता. जोडायची पट्टी आणि नळ्या इमामने आधीच करून कोपऱ्यात झाकून ठेवल्या होत्या. भित्र्या माणसाची तयारी नेहमी जास्तच असते.

रविवारी दोन्ही गाड्या घाटाच्या पायथ्याहून सुटल्या. इमाम शेजारी बसला होता, दोन्ही हातांनी दाराचं हँडल धरून. छोटा टर्बो मागितलं तेवढंच देत होता. प्रत्येक वळणावर गाडी शहाण्या बैलासारखी वळली. हॉटेलवाल्याची गाडी सहाव्या वळणाला पुढे गेली आणि मग दिसलीच नाही.

पांचगणीच्या तोंडाशी पंचवीस-तीस माणसं जमली होती. त्यांतल्या कुणीतरी शिट्टी मारली. हॉटेलवाला आपल्या गाडीला टेकून सिगारेट ओढत होता. बाळासोंनी बॉनेट उघडलं. आत बघितलं.

"कुनी बदलला?"

नियाजने तोंड उघडलं, पण इमाम आधी बोलला. "म्या."

"मला न इचारता?"

"इचारलं आस्तं तर तुमी न्हाई म्हनला आस्ता." आवाज थरथरत होता, पण वाक्य पुरं झालं.

बाळासोंनी नियाजपुढे हात केला. नियाजने चावी दिली. "उद्यापास्नं येऊ नगंस," एवढंच बोलून ते गाडीत बसले. म्हातारी एकदा गुरगुरली आणि घाट उतरून गेली. लोकांनी वाट करून दिली.

एस.टी. यायला दोन तास होते. नियाज न थांबता चालू लागला. इमाम मागे.

"मोठा आस्ता तर जिंकलो आस्तो," नियाज पाठमोराच म्हणाला. "ऐकू येतंय का? जिंकलो आस्तो. साऱ्या पंचक्रोशीत हसं केलंसा माजं."

"व्हय," इमाम म्हणाला.

"आता आबेदाला काय सांगू? घरी बसून काय खायचं?"

बाळासो उद्या काय करतील, कुणाकुणाला सांगून आपली गिऱ्हाइकं तोडतील, याचा हिशेब इमाम चालता चालता करत होता. गुडघे दुखत होते. नियाज भराभरा उतरत होता, वाटेतले दगड लाथेने उडवत होता, आणि एकदाही मागे वळून पाहत नव्हता. पुढच्या वळणावर तो दिसेनासा झाला तसा इमाम धावला.

नियाज होता. कठड्याच्या कडेने, मान खाली घालून, रागारागाने चालला होता. इमामने धावणं थांबवलं आणि त्याच्या चपलांचा फटफट आवाज ऐकत मागून चालत राहिला.